गाव विरत चाललं, आता शिष्य घडवा

वसई धर्मप्रांताच्या बिशपांना खुलं पत्र

आदरणीय बिशप महोदय,



वसईतली चर्च ओस पडलेली नाहीत, म्हणूनच हे पत्र आत्ता लिहितो आहे. ओस पडल्यावर लिहून उपयोग नसतो. रविवारी सकाळी नंदाखाल, सांडोर, आगाशी, निर्मळ, माणिकपूर, कुठेही गेलं तरी बाकं भरलेली असतात. नोव्हेनाला गर्दी होते, सणाला रोषणाई आणि बँड असतो, गुड फ्रायडेला भर उन्हात क्रूसाच्या वाटेमागे म्हातारीकोतारी चालतात. बाहेरचा पाहुणा हे पाहून म्हणतो, इथे श्रद्धा जिवंत आहे. ती आहे. तिच्याबद्दल मला शंका नाही.

पण एखाद्या रविवारी प्रवचन सुरू झाल्यावर आपण मागच्या दाराने बाहेर येऊन पाहावं. आवारात मोटरसायकलींना टेकून पंधरा-वीस तरुण उभे असतात. प्रवचन लाउडस्पीकरवरून त्यांच्याही कानावर पडतं, पण नजर मोबाइलवर असते. आतली घंटी वाजली की मोबाइल खिशात जातात, मस्तकं झुकतात, क्रूसाची खूण होते. मग रांगेत उभं राहून ख्रिस्तशरीर घ्यायचं आणि परत गाडीपाशी. यांना मी नास्तिक म्हणणार नाही. मध्यरात्री कोणाला रक्त लागलं तर बंगलीच्या हॉस्पिटलात हीच मुलं धावतात. सणाचा मांडव हीच घालतात. गावात कोणी वारलं तर खांदा हीच देतात. त्यांच्याकडे मन आहे, हात आहेत, ठरवलं तर वेळही आहे. दृढीकरणाचा संस्कार झाला त्या दिवसापासून त्यांच्याशी ख्रिस्ताबद्दल कोणी समोर बसून बोललेलं नाही, एवढंच. धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला तो सुटलाच. पुढे नोकरी, गृहकर्ज, लग्न, आईवडिलांचं आजारपण, भावाभावांतला जमिनीचा वाद, या सगळ्याला ते शाळकरी वयातल्या धर्मज्ञानावर सामोरे जातात.

याचा दोष त्या मुलांना देऊन भागणार नाही आणि धर्मगुरूंना देऊनही नाही. आपल्याकडे ख्रिस्ती माणूस घडवण्याचं काम चर्चपेक्षा गावाने जास्त केलं. ते गाव आता विरत चाललं आहे आणि त्याने सोडलेलं काम अजून कोणी हाती घेतलेलं नाही. मला आपल्यापुढे मांडायचं आहे ते एवढंच. बाकीचं सगळं त्यातून येतं.

गाव हे काम कसं करत होतं, हे माझ्या वयाच्या माणसाला आठवतं. दुपारी आणि तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली की वाडीत केळीला पाणी लावणारा माणूस जागेवर थांबायचा. रात्री जेवणाआधी घरात जपमाळ व्हायची. आजी सांगायची आणि नातवंडं पेंगत उत्तरं द्यायची. मे महिन्यात आळीतल्या क्रूसापाशी प्रार्थना व्हायची. क्रूसाला घातलेली फुलं ज्याच्या त्याच्या वाडीतली असायची, आणि कोणाच्या घरून फुलं आली नाहीत तर दुसऱ्या दिवशी चौकशी व्हायची, घरात सगळं ठीक आहे ना म्हणून. प्रार्थनेनंतर म्हातारी माणसं तिथेच बसून कोणाची म्हैस विकायची आहे, कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचा मुलगा पिऊ लागला आहे, हे बोलायची. पिऊ लागलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी कोणीतरी मोठा माणूस गाठायचाच. याला कोणी शिष्यत्वाचं प्रशिक्षण म्हटलं नाही. पण प्रार्थना, शेजार, श्रम आणि शिस्त यांची मोट तिथे आपोआप बांधली जायची, आणि मूल त्यातून ख्रिस्ती होऊन बाहेर पडायचं.

या गावाची ताकद इतिहासाने तपासून पाहिली आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे आली. पुढची दोनशे वर्षं चर्चच्या मागे राजसत्ता उभी होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तो आधार एका फटक्यात गेला. पोर्तुगीज सरदार गेले, युरोपी धर्मगुरू गेले, किल्ल्यातल्या मठांवर रान माजलं. सत्तेच्या जोरावर जे उभं होतं ते पडलं. बाहेरच्या गावांतली श्रद्धा मात्र टिकली. ती टिकवली देशी धर्मगुरूंनी, आणि त्यांच्याहूनही जास्त सामवेदी, वाडवळ आणि कोळी घरांनी. फ्रान्सिस्को वाझ नावाच्या पाद्र्याने इथल्या बोलीच्या जवळ जाणाऱ्या मराठीत ख्रिस्ताच्या दुःखसहनावर पुराण रचलं होतं. ते १६५९ मध्ये लिस्बनला छापलं गेलं. असली पुराणं उपवासकाळात गायली जात. पुस्तक हाती नसलेल्या माणसांनाही ख्रिस्ताची कथा आपल्या भाषेत, आपल्या चालीवर तोंडपाठ होती. राजाश्रय सुटल्यावर आपली माणसं ख्रिस्ती राहिली, याचं मोठं कारण मला यात दिसतं. आपल्याच मातीतल्या संत गोन्सालो गार्सियांचा आपण सण करतो. तेही धर्मगुरू नव्हते. जपानमध्ये आधी व्यापार केलेले आणि मग फ्रान्सिस्कन बंधू झालेले वसईकर होते ते. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रूसावर मारलं, १८६२ मध्ये रोमने त्यांना संत घोषित केलं. वसईत घरात घडलेला माणूस कुठवर जाऊ शकतो, याची साक्ष म्हणून मी त्यांच्याकडे पाहतो.

आता त्या घराचं आणि गावाचं काय झालं ते पाहा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारने वसईची हिरवी जमीन बांधकामाला मोकळी केली. १९९० मध्ये नियोजन सिडकोकडे गेलं. २००९ मध्ये महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती, आणि त्यानंतर स्टेशनच्या पूर्वेला किती टॉवर उभे राहिले ते आपण रोज पाहतो. वाडीच्या पोटात बावखल असायचं. त्यातल्या पाण्यावर केळी, पानवेली, मोगरा, सगळं जगायचं. किती बावखलं भरावाने बुजली! वाडी गेली तशी वाडीतली दुपार गेली. माणसं विरार फास्टच्या वेळापत्रकावर जगू लागली. सकाळी सातला निघायचं, रात्री नऊला परत. एकत्र घराच्या वाटण्या झाल्या, धाकटा भाऊ फ्लॅटमध्ये गेला, त्याचा मुलगा कॅनडाला गेला, आजी टीव्हीपुढे एकटी. नातवंडं इंग्रजी शाळेत जातात. आजी कादोडी बोलीत जपमाळेला हाक मारते आणि नातवाला अर्धे शब्द कळत नाहीत. जपमाळ कोणी मुद्दाम बंद केली नाही. ती म्हणायला एका वेळी घरात चार माणसं उरली नाहीत.

आपल्या सभा-संमेलनांत या बदलाबद्दल बोलताना दोनच सूर ऐकू येतात. एक रडण्याचा: आमची संस्कृती गेली, लाल लुगडं गेलं, बोली गेली. दुसरा उत्सवाचा: महोत्सव भरवू, जुने दागिने घालू, जुनी गाणी स्टेजवर म्हणू. बोली आणि वेश जपायलाच हवेत. कादोडीत आज लिहिलं-छापलं जातं याचा मला मनापासून आनंद आहे. पण संस्कृती जपली म्हणजे श्रद्धा जपली, असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं. उद्या आपली मुलं वर्षातून एक दिवस लुगडं नेसतील, फोटो काढतील, आणि येशू त्यांच्याकडे काय मागतो याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नसेल. तसं झालं तर आपण एक सुंदर जमात म्हणून उरू आणि चर्च त्या जमातीचं समाजमंदिर होईल. हे टाळणं ही आपली पहिली जबाबदारी आहे, असं मी आपल्याला आदराने पण स्पष्टपणे सांगतो.

शिष्यत्व रोजच्या व्यवहारात उतरतं तेव्हा काय होतं, हे वसईने पूर्वी पाहिलेलं आहे. १९१८ साली मोन्सिनिअर पी. जे. मोनिस यांनी पापडीला पतपेढी काढली. शेतकरी सावकाराच्या कचाट्यात होता. धर्मगुरूंनी त्याच्यासाठी फक्त प्रार्थना केली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी त्याला बचत करायला, एकमेकांचा जामीन राहायला आणि घेतलेलं फेडायला शिकवलं. आजची बॅसीन कॅथॉलिक बँक तिथून आली. मला बँकेच्या आकाराचं कौतुक थोडं कमी आहे. शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं हे त्या लोकांनी रविवारच्या मिस्सेचाच पुढचा भाग मानलं, याचं जास्त आहे. भाकर एकत्र मोडायची आणि कर्जात शेजाऱ्याला एकटा सोडायचा, हे त्यांना जमलं नसतं.

तसंच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी ‘सुवार्ता’ हे मासिक चालवलं, मराठी वाचकाच्या हातात ‘सुबोध बायबल’ दिलं, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. पण माझ्या पिढीला ते आठवतात ते हरित वसई संरक्षण समितीच्या मोर्चाच्या पुढे चालणारे, झग्यातले फादर म्हणून. टँकर लॉबीसमोर, गुंडगिरीसमोर ते उभे राहिले. जमीन आणि पाणी हा श्रद्धेचा विषय आहे हे त्यांनी आम्हाला शिकवलं तेव्हा पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पर्यावरणावरचं पत्र यायला पाव शतक बाकी होतं. २५ जुलै २०२४ ला ते गेले. श्रद्धांजलीच्या सभा झाल्या, लेख आले. पण त्यांच्या मोर्चात ज्या गावांतून माणसं आली त्याच गावांत आज वाड्या विकल्या जात आहेत, बावखलं बुजवली जात आहेत, आणि विकणारे, बुजवणारे, मध्ये दलाली करणारे आपलेच, मिस्सेला येणारे आहेत. एखाद्याला मुलीच्या उपचारांसाठी विकावी लागली, त्याला मी बोल लावत नाही. पण बाकीच्यांना हा प्रश्न कधी श्रद्धेचा वाटला का? विक्रीच्या कागदावर सही करण्याआधी एकदा तरी गुडघे टेकून विचार केला का? बहिणीला तिचा वाटा दिला का? हे प्रश्न प्रवचनात येत नाहीत, पापनिवेदनात येत नाहीत, धर्मशिक्षणाच्या पुस्तकात तर नाहीतच. आपल्या माणसांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आर्थिक निर्णय ख्रिस्ताला न विचारता होतो, आणि त्यात काही चुकलं असंही कोणाला वाटत नाही. शिष्यत्व कुठे पातळ झालं ते मी या एका ठिकाणी बोट ठेवून दाखवू शकतो.

यात चर्चच्या आवाराचाही प्रश्न आहे. कित्येक आवारांत झाडं गेली आणि पेव्हर ब्लॉक आले, कारण गाड्या लावायला जागा हवी आणि सणाला खुर्च्या मांडायला सपाट जमीन हवी. लोकांना वाडी राखा म्हणून सांगायचं असेल तर आधी प्रत्येक धर्मग्रामाने आपली जमीन, आपली विहीर, आपलं बावखल नीट करावं. हा आदेश आपण एका परिपत्रकाने काढू शकता.

आता वसईच्या पूर्वेकडे येऊ. पश्चिमेला गाव विरत आहे, पण पूर्वेला, नालासोपाऱ्यात, विरारमध्ये टॉवरांत राहणाऱ्या ख्रिस्ती माणसांना मुळात गाव मिळालेलंच नाही. तिथल्या एका वन रूम किचनमध्ये गुरुवारी रात्री साडेनऊला काही माणसं जमतात. साडेनऊला, कारण त्याआधी लोकलमधून कोणी उतरत नाही. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या म्हाताऱ्यांसाठी. केरळची एक नर्स, मंगळूरकडचं एक कुटुंब, गोव्याचं एक जोडपं, वाटण्या झाल्यावर फ्लॅटमध्ये आलेली वसईची दोन घरं, आणि सिक्युरिटीत काम करणारा डहाणूकडचा एक वारली तरुण. येत्या रविवारचं शुभवर्तमान मराठीत वाचतात, मग हिंदीत. फादर नसतात. ज्याला जे सुचेल ते तो बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि शेवटी कोणाला काय गरज आहे ते विचारतात. एकदा जक्कयाची गोष्ट होती, झाडावर चढलेल्या त्या जकातदाराची, ज्याने येशू घरी आल्यावर लुबाडलेलं चौपट परत करायचं ठरवलं. वाचून झालं आणि घरांची एजन्सी चालवणारा एक जण म्हणाला, “मी दोन्हीकडून दलाली घेतो आणि एकाला दुसऱ्याचं सांगत नाही.” थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग वारली मुलाने विचारलं, भाड्याची खोली शोधताना माझ्याकडून घेतलेले जादा पैसेही त्यातलेच का. पुढे बराच वेळ बोलणं झालं, आवाज चढले, आणि रात्री अकराला चहा झाला. पुढच्या गुरुवारी दोघेही आले.

त्या खोलीत जे घडलं ते पूर्वी आळीतल्या क्रूसापाशी घडत होतं. फरक एवढाच की तिथे जन्माने ओळख होती, इथे ती निवडून करावी लागते. आपल्या धर्मप्रांतात छोटे ख्रिस्ती समूह कागदावर आहेत, काही ठिकाणी चांगले चालतातही. पण बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे काम सोपवलेलं असतं ते वर्गणी गोळा करण्याचं, सणाचं कूपन वाटण्याचं आणि एखाद्या रविवारी मिस्सेची तयारी करण्याचं. बैठकीत अर्धा तास जपमाळ आणि अर्धा तास सूचना. शुभवर्तमान उघडून त्यावर माणसांनी आपल्या आयुष्याबद्दल बोलायचं, हे होत नाही. ते करायला लागणारा माणूस आपण तयार केलेला नाही. गिरीजचं जीवन दर्शन केंद्र आपल्या हाताशी आहे. दर धर्मग्रामातून चार-पाच प्रापंचिकांनी, त्यात निम्म्या बाया, दोन वर्षं तिथे शिकावं: बायबल कसं वाचायचं, माणसाला बोलतं कसं करायचं, भांडण झालं तर काय करायचं, धर्मगुरूंकडे कधी न्यायचं. यावर जो खर्च होईल तो सणांच्या रोषणाईपेक्षा जास्त नसेल. असला तरी करावा.

भाषेबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा वसईने ती प्रेमाने घेतली. आपले पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या देवानुभवावर डॉक्टरेट केली होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, आणि तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी अभंगांतून ख्रिस्त गायला. हा वारसा आपला आहे, आणि आज तो चर्चच्या गायनवृंदाबाहेर फारसा कोणाकडे नाही. मुलं इंग्रजी मिस्सा मागतात. द्यावी, त्यांना अडवू नये. पण त्याच मुलांना टिळकांचं एखादं गाणं अर्थासकट, चालीसकट कोणी शिकवलं, तर ती ते आनंदाने गातात. हे मी पाहिलेलं आहे. शिकवणारा लागतो. टिळकांबद्दल आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९१७ मध्ये साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून एकत्र आणायचं, असा तो प्रयत्न होता. दोनच वर्षांत टिळक गेले आणि ते काम पुढे वाढलं नाही. मला तो त्या काळातला सगळ्यात धीट विचार वाटतो. आज आपल्याभोवती धर्मांतराच्या नावाने संशय पसरवला जातो, आणि म्हणून आपण शेजाऱ्याशी ख्रिस्ताबद्दल बोलायचं टाळतो. न बोलून संशय कमी होत नाही. निर्मळला कार्तिकी यात्रेत आणि नाताळच्या गोठ्यापाशी वसईतली माणसं एकमेकांकडे पिढ्यानपिढ्या येत-जात आली आहेत. तो विश्वास शिल्लक असताना आपण मोकळेपणाने, कोणाचीही श्रद्धा हलकी न लेखता, आपण काय मानतो ते सांगायला शिकलं पाहिजे. आपले माजी बिशप, आर्चबिशप फेलिक्स मच्याडो यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग आंतरधर्मीय संवादाला दिला. ते काम धर्मप्रांताच्या कार्यालयातून उतरून आळीत आलं पाहिजे.

आणि आपला धर्मप्रांत पापडी-नंदाखालपुरता नाही. तो डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्यापर्यंत जातो. तिथले वारली आणि इतर आदिवासी ख्रिस्ती आपल्या चर्चचा भाग आहेत, पण वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आपल्यासारख्यांना ते आठवतात ते मिशन रविवारच्या दानपेटीपुरते. त्यांची मुलं कामासाठी आता आपल्याच शहरात, आपल्याच सोसायट्यांच्या गेटवर उभी आहेत. त्यांना मिस्सेत आपल्या शेजारच्या बाकावर जागा आहे, हे त्यांना कोण सांगणार?

निर्णय कोण घेतं, हा मुद्दा अवघड आहे, तरी टाळणार नाही. १९८३ च्या धर्मविधानाने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असं सांगितलं. धर्मग्राम परिषदही आपल्याकडे जवळपास सगळीकडे आहे. ती सल्लागार आहे हे खरं. पण सल्ला घ्यायचा तर तो ऐकलाही पाहिजे. २०२१ पासून २०२४ पर्यंत सिनडच्या निमित्ताने सगळ्या जगातल्या कॅथलिकांना विचारलं गेलं, एकत्र कसं चालायचं. आपल्या धर्मग्रामांतही बैठका झाल्या, लोक बोलले, कागद भरून गेले. त्या कागदांवर वसईच्या माणसांनी काय लिहिलं होतं, ते वसईच्या माणसांना परत कोणी वाचून दाखवलं नाही. आपण ते मागवून घ्यावं आणि दर धर्मग्रामात रविवारी मिस्सेनंतर वाचून दाखवावं. धर्मग्रामाचा वर्षाचा जमाखर्चही चर्चच्या दारावर लावावा. ज्यांना आपण शिष्य म्हणतो त्यांच्यापासून हिशेब लपवण्यासारखं काही नाही, आणि तो उघड ठेवला की दान देणारा हातही मोकळा होतो.

लग्नांचं मी थोडक्यात लिहितो, कारण आपण सगळे ते जाणतो. कर्ज काढून होणारी लग्नं, डीजे, दारूचे काउंटर, आणि त्यानंतर सहा महिन्यांत विस्कटणारी घरं. विवाहपूर्व शिबिर एका आठवड्याच्या शेवटी उरकतं. ते वर्षभराचं करा. लग्न होऊन दहा वर्षं झालेलं एक जोडपं नव्या जोडप्यासोबत वर्षभर चालेल, महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जेवेल, पैशाचं, सासूचं, दारूचं मोकळेपणाने बोलेल. धर्मगुरूंना हे जमणार नाही, त्यांच्याकडून अपेक्षाही नाही. विवाहित माणसांनाच ते जमेल.

आमच्या गावांतून आणि टॉवरांतून आपल्याकडे मागण्या येतच राहतील: नवा हॉल, नवी शाळा, नवं ग्रोटो. त्यातल्या काही योग्यही असतील. वर सुचवलेल्या गोष्टींना वेळ लागेल; आत्ता लगेच मी आपल्याकडे एकच मागतो. येत्या राखेच्या बुधवारपासून पवित्र आठवड्यापर्यंत धर्मप्रांतातल्या सगळ्या धर्मग्रामांत आठवड्याची एक रात्र मोकळी ठेवावी. त्या रात्री चर्चमध्ये काहीही कार्यक्रम नको: मीटिंग नको, सराव नको, स्पर्धा नको, नोव्हेनासुद्धा नको. त्या रात्री प्रत्येक आळीत आणि प्रत्येक सोसायटीत एका घराचं दार उघडं असावं, आणि पंधरा माणसांनी शुभवर्तमान उघडून बसावं. धर्मगुरूंनी त्यातल्या एका घरी जाऊन शेवटच्या रांगेत बसून फक्त ऐकावं. आपणही एखाद्या रात्री पूर्वेच्या एखाद्या टॉवरमध्ये, लिफ्ट बंद असेल तर जिना चढून, यावं. चर्चबाहेर मोटरसायकलीला टेकून उभ्या असलेल्या त्या मुलांना बोलवायचं काम आम्ही प्रापंचिक करू. ते आमचंच काम आहे.

आपला,
वसईतला एक प्रापंचिक